बेचाळीस किलोमीटर हा लहान आकडा आहे

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पूर्ण मॅरेथॉन धावायची म्हणून सप्टेंबरअखेरीस सरावाला लागलेला एखादा बँकेतला माणूस किंवा एखाद्या शाळेतल्या बाई शर्यतीच्या दिवसापर्यंत जवळजवळ तेवढाच रस्ता स्वतःच्या पायांनी संपवतात. हिशेब सरळ आहे. सोळा आठवडे, आठवड्याला सरासरी ४५ किलोमीटर, एकूण ७२०. या ७२० किलोमीटरांत कुणी टाळ्या वाजवायला उभं नसतं, कुणी संत्र्याची फोड पुढे करत नाही. पहाटे साडेचारला दूधवाले, पेपर टाकणारी पोरं आणि अंगावर येणारी कुत्री, एवढाच काय तो प्रेक्षकवर्ग. त्यानंतर एका रविवारी ४२.१९५ किलोमीटर धावायचं असतं, आणि फोटो फक्त त्या दिवसाचे निघतात. सराव आणि शर्यत मिळून अंतर होतं ७६२ किलोमीटर. त्यात शर्यतीचा वाटा अठरावा.

‘बेचाळीस किलोमीटर? बाप रे!’ असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. बाप रे म्हणायला हरकत नाही, फक्त ते ७२० ला म्हणावं. आणि ७२० चीही फोड केली की रोजचे सहा-सात किलोमीटर उरतात. त्याला बाप रे म्हणायची कुणाला गरज वाटणार नाही.

आता ही खूळ म्हणावी अशी हौस किती पसरली आहे, ते पाहू. १८९७ साली बॉस्टनला पहिली मॅरेथॉन झाली तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर १५ जण होते, शेवटापर्यंत पोचले १०. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० साली सेंट्रल पार्कमध्येच गोल गोल फिरून झाली. प्रवेश फी एक डॉलर. १२७ निघाले, ५५ पोचले. त्याच न्यूयॉर्कमध्ये २०२४ साली ५५,६४६ जणांनी अंतिम रेषा ओलांडली. चोपन्न वर्षांत हजार पट! लंडनच्या २०२६ च्या मॅरेथॉनसाठी तर सोडतीत ११ लाखांहून अधिक अर्ज आले होते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. म्हणजे गोव्यातल्या दर चार माणसांतल्या तिघांनी, तान्ही मुलं आणि आजीआजोबा धरून, एकाच शर्यतीचा फॉर्म भरावा तसं हे झालं. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता सगळे गट मिळून साठ हजारांच्या आसपास माणसं त्या सकाळी रस्त्यावर असतात. पूर्ण अंतर धावणारे त्यातले पाचवा-सहावा हिस्सा. सगळ्यात गजबज थोड्या अंतराच्या, हौशी ड्रीम रनमध्ये, तिथे धावण्यापेक्षा सेल्फी जास्त होतात. नाक मुरडणारे मुरडोत. ड्रीम रनमधलेच काही पुढच्या वर्षी दहा किलोमीटरला उतरतात आणि दोन-तीन वर्षांत पेडर रोडच्या चढावर कण्हताना दिसतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची गोष्ट तर खास आहे. २०१२ साली सुरू झालेली, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणारी आणि परत फिरणारी ही शर्यत. २०१५ साली तिथे अडीच हजारांहून जास्त जण धावले आणि डोंगरावरच्या सर्वांत मोठ्या शर्यतीचा गिनीज विक्रम एका जिल्ह्याच्या गावाच्या नावावर लागला.

माणसांची गर्दी मोजणं सोपं आहे. खरी डोकं चक्रावणारी मोजदाद एकाच माणसाच्या शरीरात चालते.

सत्तर किलो वजनाचा, पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणारा मध्यमवयीन माणूस घ्या. त्याचं एक पाऊल साधारण ९० सेंटिमीटरचं पडतं. ४२.१९५ किलोमीटरांत पावलं झाली जवळजवळ ४७ हजार. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल उलटं येतं. अडीच पट धरलं तर एका पावलाला १७५ किलो. गुणाकार केला की ८,२०० टन. पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्ये लोखंड आहे ७,३०० टन. म्हणजे आपल्या माणसाच्या दोन गुडघ्यांनी आणि दोन टाचांनी एका सकाळी अख्खा आयफेल टॉवर पेलला, पण १७५-१७५ किलोच्या हप्त्यांनी. सरावातल्या ७२० किलोमीटरांना हाच हिशेब लावा: आठ लाख पावलं, १ लाख ४० हजार टन. एकोणीस आयफेल टॉवर.

आणि या भारानेच हाड आणि कंडरा घट्ट होतात. हाडावर सोसेल इतका ताण पडला की ते स्वतःला पुन्हा बांधून घेतं, फक्त सावकाश. स्नायू आणि दम काही आठवड्यांत सुधारतात, कंडरा आणि हाडांना महिने लागतात. नवशिक्या धावकांच्या नडगीचं आणि गुडघ्याचं दुखणं बहुतेक वेळा या दोन वेगांच्या तफावतीतून येतं. छाती म्हणते अजून पळ, नडगी अजून मागच्या महिन्यातच असते.

म्हणून सरावाचं एक जुनं सूत्र सांगतात की, आठवड्याचं अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. ऐकायला किती पोक्त आणि सावध सल्ला! चक्रवाढ व्याज ठाऊक असलेल्या माणसाने मात्र तो कागदावर मांडून बघावा. आठवड्याला २० किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला बरोब्बर दहा टक्के वाढवत गेलं, तर सोळा आठवड्यांनंतर ९२ किलोमीटर होतात. हेच नोकरदार माणसाला झेपणारं नाही. वर्षभर तसंच चालू ठेवलं तर बावन्न आठवड्यांनंतर आठवड्याला २,८४० किलोमीटर, म्हणजे रोज ४०० च्या वर. पुण्याहून रोज सकाळी कोल्हापूरला पळत जायचं आणि पळतच परत यायचं, असा तो कार्यक्रम होईल. तेव्हा दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. समजूतदार मार्गदर्शक तीन आठवडे वाढवून चौथ्या आठवड्यात अंतर कमी करायला लावतात आणि शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तर चक्क उतरती कळा. याला धावक टेपर म्हणतात आणि बहुतेकांना तो सरावापेक्षा जड जातो. चार महिने पहाटे उठलेला माणूस घरी बसला की घरच्यांना त्याचा त्रास होतो.

आता इंधन. ढोबळमानाने एक किलो वजन एक किलोमीटर नेताना धावणाऱ्याला एक किलोकॅलरी लागते. सत्तर किलो गुणिले ४२ किलोमीटर, साधारण २,९५० किलोकॅलरी. वडापावच्या भाषेत दहा वडापाव. शरीरात यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते अर्धा किलोच्या आसपास, तिच्यातून निघतात २,००० किलोकॅलरी. हजारभर कमी पडल्या. ही तूट तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जाणवायला लागते, धावकांची प्रसिद्ध ‘वॉल’ ती हीच. पाय शिशाचे होतात, साधी बेरीज करता येत नाही, उगाच रडू येतं. गंमत अशी की, त्याच वेळी त्याच माणसाच्या पोटावर आणि मांड्यांवर चौदा किलो चरबी आरामात बसलेली असते. तिच्यात आहेत एक लाखाहून जास्त किलोकॅलरी. छत्तीस मॅरेथॉनचं इंधन! पण चरबी सावकाश जळते, वेग वाढला की स्नायू साखरच मागतात. सरावातल्या लांब, संथ धावण्याचा एक मोठा उपयोग हाच की, शरीर चरबी वापरायला शिकतं आणि साखर पुरवून खातं.

याच गणितातून एक निराशाजनक आकडाही निघतो. पूर्ण मॅरेथॉनची सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं तरी जळते चारशे ग्रॅमहून कमी. चार महिन्यांच्या सरावात कागदोपत्री साडेसहा किलो उतरायला हवेत. इतके कुणाचे उतरत नाहीत, कारण रविवारच्या लाँग रननंतर मिसळ असते आणि मिसळीबरोबर जादा पाव असतो. वजन कमी करायला म्हणून मॅरेथॉन धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याहून स्वस्त उपाय आहेत.

हृदयाचा हिशेब मात्र भारी फायद्याचा निघतो. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, धावताना हौशी माणसाचंही पंधराच्या घरात जातं. पाच तासांत साडेचार हजार लिटर. अंगात रक्त आहे पाच लिटर, म्हणजे तेच रक्त नऊशे वेळा फिरलं. मिनिटाला दीडशे ठोके धरले तर पाच तासांत ४५ हजार. ‘हृदयाचे ठोके ठरलेले असतात, धावून ते लवकर संपतात’ असं सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यासाठी हे गणित. आठवड्याला सहा तास धावणाऱ्याचे मिनिटाला ऐंशी ठोके जास्त पडले, तर जादा खर्च २८,८०० ठोके. नियमित सरावाने विश्रांतीचे ठोके मिनिटाला ७२ वरून ६४ वर आले, म्हणजे आठच कमी झाले, तरी आठवड्याची बचत ८० हजारांवर. खर्च वजा जाता वर्षाला जवळजवळ २७ लाख ठोके शिल्लक. काकांचा सिद्धान्त खरा मानला तरी फायदा धावणाऱ्याचाच होतो.

वेगाचं बोलायचं तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने शिकागोला २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन संपवून तेव्हाचा विश्वविक्रम केला. टीव्हीवर ते धावणं अगदी सहज वाटतं. आकडा हातात घेऊन जवळच्या मैदानावर जा, मग कळेल. त्याने प्रत्येक १०० मीटरला १७ सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतला. धडधाकट तरुणाला १७ सेकंदांत १०० मीटर पळता येतात. लगेच दुसऱ्यांदा जमतील, तिसऱ्यांदा कदाचित. किप्टम हे ४२२ वेळा, मध्ये न थांबता करत होता. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पाच तासांत पोचणारा आपला बँकेतला माणूस त्याच्या अडीच पट वेळ पायांवर उभा असतो, शेवटचे दोन तास उन्हात. कौतुकाची वाटणी करताना हेही लक्षात ठेवावं.

सगळ्यात संथ मॅरेथॉन कुणाची, याचंही उत्तर नोंदलेलं आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने कोसळला. वाटेवरच्या एका घरातल्या लोकांनी त्याला सावलीत नेऊन काहीबाही प्यायला दिलं. तो शरमेने कुणाला न सांगता मायदेशी परतला आणि स्वीडनच्या दप्तरात बेपत्ता राहिला. १९६७ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्याला बोलावून घेऊन उरलेली शर्यत पुरी करवली. वेळ नोंदली गेली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. दरम्यान लग्न, सहा मुलं आणि दहा नातवंडं झाली. त्या वेळची शर्यत ४०.२ किलोमीटरची होती, त्यामुळे सरासरी वेग निघतो दिवसाला दोन मीटर.

पण कानाकुरीवर हसून पुढे जाऊ नका, कारण या माणसाची आपल्याशी गाठ आहे. आठ वर्षांनी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा मॅरेथॉन धावला आणि सोळावा आला. त्याच्या मागे दोन मिनिटांनी, एकोणिसावा, बेळगावचा फडेप्पा चौगुले पोचला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्याच पुढाकाराने व खर्चाने भारताचा छोटा संघ बेल्जियमला गेला. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटर होता. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. चौगुल्यांची वेळ होती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. किलोमीटरला बरोबर चार मिनिटं. आज मनगटावर जीपीएसचं घड्याळ, पायात कार्बनची पट्टी घातलेले बूट, खिशात जेलची पाकिटं घेऊन मुंबईत धावणाऱ्या हौशी धावकांपैकी बहुतेकांना हा वेग पाच किलोमीटरही टिकवता येणार नाही. २०१८ पासून मुंबईच्या मॅरेथॉनच्या नावात टाटा आहेत. अंतिम रेषेपाशी कुठेतरी चौगुल्यांचंही नाव असायला हवं, असं मला दरवर्षी वाटतं.

इथपर्यंत बेचाळीसच किलोमीटरचं चाललं होतं. त्यापुढची दुनिया वेगळीच आहे.

दक्षिण आफ्रिकेत दर्बान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, एका वर्षी चढाच्या दिशेने, दुसऱ्या वर्षी उताराच्या. १९२१ साली ३४ जण निघाले आणि १६ पोचले. २०१० साली पोचणारेच चौदा हजारांवर होते. गेल्या काही वर्षांत भारतातून शेकडो धावक तिथे जातात. पीटरमारित्झबर्ग म्हणजे १८९३ साली बॅरिस्टर गांधींना गाडीतून उतरवलं ते स्टेशन, हे बहुतेकांना तिथे पोचल्यावर आठवतं. मुदत बारा तासांची. बारा तास भरले की एक अधिकारी धावकांकडे पाठ करून बंदूक उडवतो, म्हणजे रेषेपासून दोन पावलांवर अडकलेल्याचा चेहरा त्याला दिसू नये. त्या दोन पावलांसाठी पदक मिळत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर सायकलने जायच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’चं अंतर आहे सुमारे ४,९०० किलोमीटर आणि एकट्याने जाणाऱ्याला मुदत बारा दिवस. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले नाशिकमध्ये नोकरीला असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. त्यांच्यामागून अडीच तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. झोप, जेवण, आंघोळ, पंक्चर सगळं धरून चोवीस तासांची सरासरी काढली तर ताशी १७ किलोमीटर येते. शहरात एखादा सिग्नल नडला की आपल्या दुचाकीचीसुद्धा तेवढी पडत नाही. चौघेही डॉक्टर, रुग्णांना रोज ‘पुरेशी झोप घ्या’ सांगणारे! नंतर समर्थांनी मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत ९,१०० किलोमीटरची शर्यतही टप्प्याटप्प्याने पुरी केली.

सायकलवाल्यांतला मला आवडणारा प्रकार मात्र शर्यत नसलेला आहे. बीआरएम म्हणतात त्याला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही केले, म्हणजे १,५०० किलोमीटर, की ‘सुपर रँडोनर’. पहिला-दुसरा असं काही नसतं, मुदतीत पोचला की झालं. पुण्या-मुंबईत, नाशकात शनिवारी पहाटे दिवे लावून निघालेला हा जथा कधीतरी दिसला असेल तर त्यांत पन्नाशीची माणसं किती असतात, ते जरूर बघा.

डोंगरवाल्यांसाठी एव्हरेस्टिंग आहे. एकच चढ निवडायचा, त्याच्यावर झोप न घेता वरखाली करत राहायचं, चढलेली एकूण उंची ८,८४९ मीटर होईपर्यंत. हे पहिल्यांदा १९९४ साली ऑस्ट्रेलियात सायकलवर केलं जॉर्ज मॅलरीने. १९२४ साली एव्हरेस्टवर हरवलेल्या मॅलरीचा हा नातू. सिंहगडाचा आतकरवाडीकडून चढ धरला साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरचा, तर पंधरा-सोळा वेळा गड चढावा लागेल आणि तितक्याच वेळा उतरावा लागेल. एकदा चढून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन गाडीने परत येणाऱ्यांनी हे मनातल्या मनात करून बघावं. दहा मजली इमारतीच्या जिन्यावर करायचं म्हटलं तर २९५ खेपा.

आणि वेडाचं शेवटचं टोक. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दर वर्षी ३,१०० मैलांची, म्हणजे ४,९८९ किलोमीटरची, पायी शर्यत होते. रस्ता कोणता? तर एका शाळेभोवतालचा एकच चौकोन, ८८३ मीटरचा. फेऱ्या ५,६४९, मुदत ५२ दिवस. सकाळी सहा ते मध्यरात्र, रोज ९६ किलोमीटर. श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंच्या अनुयायांनी १९९७ साली सुरू केलेली ही शर्यत आहे, रोजच्या फेऱ्यांची सरासरी १०८ आणि १०९ च्या मध्ये पडते. जपमाळ ओढणाऱ्यांना तो आकडा ओळखीचा वाटेल. फिनलंडच्या अश्प्रिहानल आल्तोने २०१५ साली हे ४० दिवस ९ तासांत केलं. उलट टेनेसीच्या जंगलातली बार्कली मॅरेथॉन: पाच फेऱ्या, साठ तास, चढ एव्हरेस्टच्या उंचीच्या दुप्पट, खुणा नसलेली वाट. १९८६ पासून २०२४ पर्यंत ती पुरी करणारे फक्त वीस. त्यांतली एकमेव स्त्री जास्मिन पॅरिस २०२४ साली पोचली तेव्हा मुदत संपायला ९९ सेकंद उरले होते.

हे सगळं वाचून कुणाला स्फुरण चढेल म्हणून दोन कोरडे आकडे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख धावकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा लगेच नंतर बंद पडलं, ४२ दगावले. हृदय बंद पडलं ते पावणेदोन-दोन लाखांत एकाचं. प्रमाण फार लहान आहे, पण त्यांतल्या अनेकांना हृदयाचा छुपा आजार आधीपासून होता आणि तो तपासणीत पकडता येण्यासारखा असतो. दुसरा आकडा पाण्याचा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरलं. आठात एक. मुख्य कारण शर्यतीत प्यायलेलं जादा पाणी, इतकं की त्यांतल्या अनेकांची वजनं धावून वाढली होती. प्रत्येक टेबलापाशी थांबून बाटली रिकामी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तहान लागली की प्यावं, घामाबरोबर मीठही जातं हे विसरू नये, आणि अर्धी प्यालेली बाटली मागच्या धावकाच्या पायात फेकू नये.

चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल, छातीत कधी दुखलं असेल, तर आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी आणि ते सांगतील त्या तपासण्या करून घ्या. मग लगेच पूर्ण मॅरेथॉनचा फॉर्म भरू नका. फी परत मिळत नाही आणि भरलेल्या फीच्या भीतीने माणसं दुखऱ्या नडगीवर धावतात. चार आठवडे, आठवड्याला वीस किलोमीटर, चालत-पळत कसंही करून बघा. पाचव्या आठवड्याच्या सोमवारी पहाटे गजर झाल्यावर उठावंसं वाटलं, तर नाव नोंदवा, आणि पहिल्या वर्षी दहा किलोमीटरलाच नोंदवा.